जुन्या मोटारी : त्यांचे रूप आणि त्यांचे आयुष्य

अमेरिकन मोटार बळकट की विलायती, हा वाद आमच्या वाशीममध्ये फार जुना आहे. पाटणी चौकातल्या चहाच्या टेबलाशी बसून तो घालणारे आमचे वडीलधारे आज हयात नाहीत, आणि ज्या गाड्यांवरून तो चाले त्या गाड्याही रस्त्यावरून गेल्या. वाद मात्र उरला. एकाने म्हणावे, डॉजचा पत्रा म्हणजे पत्रा. हातोडा घातला तर हातोडाच उसळेल. दुसऱ्याने म्हणावे, असेल. पण ती पेट्रोल पिते की म्हैस पाणी पिते? चहा संपे, तंटा संपत नसे.

इतिहासावर बोलावयाचे तर वाशीमच्या श्रोत्यांची अपेक्षा वाकाटकांची असते, आणि ती योग्यच आहे. वत्सगुल्म ही ज्यांची राजधानी, त्यांच्या गावात मोटारींचा इतिहास सांगावयास उभे राहणे हे थोडे धाडसच. पण विंध्यशक्तीचा ताम्रपट सापडला म्हणून त्याचे राज्य आपल्याला ठाऊक झाले. मोटारींच्या इतिहासाला आमच्याकडे ताम्रपट नाही. मिस्त्री आहेत, आणि तेही एकेक करून चालले आहेत. म्हणून हा विषय आम्ही घेतला.

या गाड्या आमच्याकडे आल्या त्या कापसाच्या पैशाने. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालले होते. तिकडचा कापूस मँचेस्टरला मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानी कापसाला कधी नव्हे तो भाव आला. वऱ्हाडच्या कापूसपेठांना तेथून जे बळ मिळाले त्यात कारंजाची पेठही होती. पुढे दोन पिढ्यांनी याच कापसाच्या पैशातून अमेरिकेच्याच मोटारी जिनिंगवाल्यांच्या दारात उभ्या राहिल्या, ही गंमत आम्हाला नेहमी वाटत आली आहे.

राज्य इंग्रजांचे, मग गाड्या अमेरिकन का? याचे उत्तर मुंबईत आहे. १९२८ साली जनरल मोटर्सने शिवडी येथे मोटारजुळणीचा कारखाना काढला. पेट्यांतून सुटे भाग यावयाचे आणि शेवरोले गाडी तयार होऊन बाहेर पडावयाची. फोर्डही मागोमाग आली. अमेरिकन कंपन्यांचे कॅनडात कारखाने होते, आणि कॅनडा ब्रिटिश साम्राज्यात असल्याने तेथून उजव्या हाताच्या सुकाणूच्या गाड्या इकडे पाठविणे सोयीचे होते. म्हणजे साम्राज्याच्याच दारातून अमेरिकन गाडी आत आली. पण नुसती आली म्हणून ती टिकली असती असे नाही. ती टिकली, कारण ती ज्या रस्त्यांसाठी घडली होती ते रस्ते आमच्या रस्त्यांचे सख्खे भाऊ होते.

आज अमेरिका म्हटले की गुळगुळीत महामार्ग डोळ्यांपुढे येतात. १९०८ साली फोर्डने मॉडेल टी काढली तेव्हा तिकडच्या शेतकऱ्याच्या वाट्याला चिखल आणि चाकोऱ्याच होत्या. म्हणून ती गाडी जमिनीपासून चांगली उंच, हलकी आणि साध्या बांधणीची केली. १९२७ पर्यंत तशा दीड कोटी गाड्या निघाल्या. नंतरच्या गाड्या जड झाल्या, पण शेतकऱ्याची आठवण त्यांच्या हाडांत राहिली. १९२९ च्या शेवरोलेला सहा सिलिंडरांचे ३.२ लिटरचे इंजिन होते. १९४० नंतरच्या प्लिमथचे इंजिन सुमारे ३.६ लिटरचे, त्यातून फार शक्ती काढण्याचा हव्यासच धरलेला नव्हता. एवढे मोठे इंजिन कमी फेऱ्यांत, कमी दाबावर, सावकाश फिरावयाचे. जो बैल ओझे निम्मेच ओढतो तो म्हातारपणापर्यंत चालतो, तसे हे होते. हलके पेट्रोल मिळाले तरी ते कुरकुरत नसे. खाली जाड पोलादाची स्वतंत्र चासी, तिच्यावर नटबोल्टांनी बसविलेली बॉडी. एखादा भाग वाकला तर तेवढाच काढून सरळ करावा. आमच्या भाषेत सांगावयाचे तर अमेरिकन गाडी ही बंडी होती आणि युरोपची गाडी दमणी.

आमच्या लहानपणी एका कापूसव्यापाऱ्याकडे एक जुनी डॉज होती. लग्नसराईत ती भाड्याने जाई, आणि तिच्यात नवरानवरी, करवल्या, दोन्हीकडचे मामा आणि आहेराच्या भांड्यांची एक गोणी एवढा संसार मावत असे. मेडशीचा घाट ती दुसऱ्या गिअरमध्ये, घाई न करता चढे. पावसाळ्यात नाल्याच्या रपट्यावरून पाणी वाहत असले तर ड्रायव्हर खाली उतरून काठी टोचून पाही, वर बसे आणि गाडी शांतपणे पाण्यात घाली. त्याच गावात एका डॉक्टरांकडे एक लहानशी, सुबक विलायती गाडी होती. आम्हा मुलांना ती फार आवडे. तिचे दार लावले की कपाटाच्या झडपेसारखा मऊ आवाज येई. ती गाडी एका उन्हाळ्यात रिसोडच्या वाटेवर गिट्टीच्या ढिगावरून गेली आणि तिचे चेंबर फुटले. तेल सांडले ते सांडलेच. डॉक्टर बैलगाडीतून परत आले. पाटणी चौकातल्या वादात हा पुरावा पुढे कितीतरी वर्षे दिला जात होता.

पण एवढ्या पुराव्यावर निकाल देणे अन्यायाचे होईल. ती गाडी अशी ठेंगणी आणि नाजूक का झाली, हे पाहिले पाहिजे. इंग्लंडात १९२१ पासून मोटारीवर अश्वशक्तीच्या हिशेबाने कर होता, आणि ही अश्वशक्ती इंजिन चालवून मोजीत नसत. सिलिंडरचा व्यास आणि सिलिंडरांची संख्या एवढ्यावर कागदावर काढीत. इंजिन बांधणाऱ्यांनी मग काय करावे? त्यांनी सिलिंडर अरुंद केला आणि पिस्टनची धाव लांबविली. मॉरिस एटचे इंजिन पाहा : व्यास ५७ मिलिमीटर, धाव ९० मिलिमीटर, एकूण ९१८ घनसेंटिमीटर. कागदावर अश्वशक्ती ८. त्याच हिशेबाने प्लिमथची भरते २५. म्हणजे कर तिपटीहून अधिक. असे अरुंद आणि लांब धावेचे लहान इंजिन वेग राखण्यासाठी भराभर फिरवावे लागे. पिस्टन वरखाली फार पळे, आणि झीजही त्या मानाने लवकर होई. मँचेस्टर-बर्मिंगहॅमच्या डांबरी रस्त्यावर हे चालून जाई. वैशाखात पातूरच्या चढावर, भरल्या गाडीनिशी, रेडिएटरला उकळी फुटे. दोष कारागिराचा नव्हता. तो तर अव्वल होता. हा कर दुसऱ्या महायुद्धानंतर गेला, पण त्याच्या वळणाची इंजिने पुढेही काही वर्षे निघत राहिली.

युरोपच्या मुख्य भूमीवर कथा थोडी निराळी. तेथे पेट्रोल महाग, गल्ल्या अरुंद, आणि युद्धानंतर लोकांच्या हाती पैसा कमी. त्यातून फ्रान्सची सित्रोएन टू सीव्ही १९४८ साली निघाली. नांगरलेल्या शेतातून अंड्यांची टोपली न फोडता न्यावी, अशी तिच्याकडून अपेक्षा केल्याची कथा प्रसिद्ध आहे. ती आमच्या मुलखात आली नाही याचे आम्हाला वाईट वाटते. मानोऱ्याच्या वाटेला तीच खरी लायक होती. इटलीच्या फियाटने १९५३ साली ११०० ही गाडी काढली. दांते जाकोसा या अभियंत्याने तिची चासी आणि बॉडी वेगळी न ठेवता पत्र्याचाच एकजीव पिंजरा केला. इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचे, वजन प्लिमथच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास. सुकाणू हलके, वळण चपळ. पेट्रोलच्या हिशेबात तिने डॉजला निम्म्यावर गाठले. बंडीशी दमणीची तुलना बंडीच्या ओझ्यावर करू नये. दमणीला तिची धाव आहे.

आता रूपाचा प्रश्न. १९२७ साली जनरल मोटर्सने मोटारींचे रंगरूप ठरविणारा स्वतंत्र विभाग काढला आणि हार्ली अर्ल नावाच्या कल्पक गृहस्थांच्या हाती दिला. तेव्हापासून अमेरिकेत दर वर्षी गाडीचा मुखडा बदलू लागला. यंदा जाळीचे दात आडवे, पुढल्या साली उभे. शेजाऱ्याची गाडी नवी दिसली की आपली जुनी वाटावी, यातच व्यापार होता. १९४८ साली कॅडिलॅकच्या पाठीला लढाऊ विमानावरून सुचलेली शेपटे फुटली. ती वाढत वाढत १९५९ साली अशी उंच झाली की गाडी उडते की काय असे वाटावे. या काळात रूपाने बांधणीवर मात केली, असे आमचे मत आहे. १९५७ च्या क्रायस्लर गाड्या दिसावयास देखण्या होत्या, परंतु पाणी झिरपणे आणि लवकर गंजणे यासाठी त्या तिकडे बदनाम झाल्या. वाशीमला ज्या अमेरिकन गाड्या नावाजल्या गेल्या त्या याच्या आधीच्या, हे वाद घालणारे विसरत. क्रायस्लरचे त्या वेळचे अध्यक्ष के. टी. केलर यांचा आग्रह असे की गृहस्थाला डोक्यावरची हॅट न काढता गाडीत बसता आले पाहिजे. म्हणून १९४९ च्या प्लिमथ आणि डॉज उंच टपाच्या, खोक्यासारख्या झाल्या. अमेरिकेत त्या जुनाट म्हणून नाके मुरडली गेली. आमच्याकडे पागोटेवाल्या शेटजींना आणि पटकेवाल्या पाटलांना ती सोय कशी मानवली असेल, हे सांगावयास नकोच.

युरोपात रूप इतक्या घाईने बदलत नसे. फोक्सवॅगनची कासवी गाडी १९३८ साली ज्या आकाराची होती जवळजवळ त्याच आकारात २००३ पर्यंत निघत राहिली. शेवटची मेक्सिकोत निघाली. पण युरोपही अमेरिकन वाऱ्यापासून अलिप्त नव्हता. आपल्या फियाटच्या मागच्या मडगार्डावरची ती लहानशी धार कशाची? कॅडिलॅकच्या शेपटाचीच ती धाकटी, संसारी बहीण.

यानंतरचा भाग आपल्या देशाचा आहे आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा आहे. वालचंद हिराचंद यांनी महायुद्धाच्या आधीपासून मोटारकारखान्याचा ध्यास घेतला होता. १९४४ साली त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली. क्रायस्लरशी करार करून कुर्ल्याला डॉज, प्लिमथ आणि डी सोटो जुळू लागल्या. १९५१ पासून त्याच कारखान्यात फियाटही आली. एका छपराखाली बंडी आणि दमणी दोन्ही! तिकडे हिंदुस्थान मोटर्सने मॉरिसशी नाते जोडले. स्वातंत्र्यानंतर तयार गाड्यांच्या आयातीवर बंधने आली, आणि १९५३ साली टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून असे ठरले की जो येथे भाग तयार करील त्यानेच राहावे, नुसती जुळणी करणाऱ्याने नव्हे. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी १९५४ पर्यंत गाशा गुंडाळला. मोठ्या अमेरिकन गाड्यांना परदेशातून भाग मिळेनात. कुर्ल्याची डॉजही काही वर्षांत मागे पडली. उरल्या त्या फियाट आणि अ‍ॅम्बॅसडर, आणि मद्रासची स्टँडर्ड.

आणि येथे एक नवल घडले. मॉरिस ऑक्सफर्डची जी आवृत्ती इंग्लंडात १९५६ ते १९५९ एवढीच टिकली, ती अ‍ॅम्बॅसडर या नावाने उत्तरपाड्याला २०१४ पर्यंत निघाली. फियाट ११०० डी इटलीत १९६२ ते १९६६ एवढीच बनली. कुर्ल्याला ती १९६४ पासून डिलाइट, मग प्रेसिडेंट, १९७४ पासून पद्मिनी अशी नावे घेत विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत चालली. आम्ही या गाड्यांना टिकाऊ म्हणतो. पण कशाने टिकल्या? पत्र्याने की परवान्याने? गाडीसाठी पैसे भरून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, आणि आली म्हणजे पहिला महिना ती मिस्त्रीकडेच असावी, हेही आम्ही पाहिले आहे. १९८३ साली मारुती आली तेव्हा लोक तिच्यावर तुटून पडले ते उगीच नव्हे. कायद्याने रूप गोठविले होते. मात्र त्या गोठण्यातून एक न मागितलेला लाभ झाला : तीस वर्षे तेच भाग लागत राहिले, म्हणून कारंजापासून रिसोडपर्यंत प्रत्येक मिस्त्रीला त्या गाडीची नस न नस पाठ झाली.

मिस्त्रींची विद्या अमेरिकन गाड्यांवर तर फारच कसोटीला लागली. १९७३ नंतर पेट्रोल कडाडले तेव्हा लिटरला सहा-सात किलोमीटर चालणारी गाडी दारात बांधलेल्या हत्तीसारखी झाली. मग या लोकांनी तिचे मूळ इंजिन उतरविले आणि डिझेलचे बसविले. कोठे पर्किन्सचे, कोठे मॅटाडोर टेम्पोचे. गिअरबॉक्स जुळेना तर लेथवर मधली तबकडी कातून घेतली. पाटे वाढविले. अमेरिकन हाड, युरोपचे काळीज. ही शस्त्रक्रिया कोणत्याही पुस्तकात नव्हती. हवेनेही साथ दिली. अमेरिकेत व उत्तर युरोपात हिवाळ्यात बर्फ वितळविण्यासाठी रस्त्यांवर मीठ टाकतात आणि ते मीठ गाडी खालून खाऊन टाकते. मुंबईला समुद्राचा खारा वारा आहे. वाशीमला यांपैकी काही नाही. चार महिने पाऊस, पुढे कोरडी धूळ. डॉजचा पत्रा येथे गंजला नाही, यात डेट्रॉइटचे कौतुक किती आणि आमच्या दुष्काळी हवेचे किती?

याच मिश्र वंशाची शेवटची पिढी म्हणजे आपली काळी-पिवळी. मुंबईकराला काळी-पिवळी म्हटले की पद्मिनी टॅक्सी आठवते. नियमानुसार तिची शेवटची गाडी ३० ऑक्टोबर २०२३ रोजी तेथील रस्त्यावरून निवृत्त झाली. आम्हा विदर्भवासीयांची काळी-पिवळी वेगळी. ती जीप. महायुद्धासाठी अमेरिकेने जी जीप घडविली ती महिंद्र कंपनीने १९४७ पासून मुंबईत जुळविण्यास घेतली. पुढे गटविकास अधिकाऱ्याची जीप गावात शिरली की पोरे मागे धावत, तो काळ पुष्कळांना आठवत असेल. ऐंशीच्या दशकापासून तिच्यात प्यूजो या फ्रेंच कंपनीच्या आराखड्याचे डिझेल इंजिन, इगतपुरीला बनलेले, बसू लागले. दहा माणसांची गाडी आणि वीस माणसे. दोघे मागच्या पायरीवर लोंबकळलेले, टपावर कोंबड्यांचे झाप. पोहरादेवीच्या यात्रेला, शिरपूरच्या जैन मंदिराला, मंगरूळपीरच्या बाजाराला वऱ्हाड नेले ते हिनेच. जे मिस्त्रींनी डॉजवर जुगाराप्रमाणे करून पाहिले होते तेच येथे कारखान्यातून होऊन आले, आणि पाटणी चौकातल्या वादाचा निकाल, कोणाच्या लक्षात न येता, दोन्ही पक्षांच्या बाजूने लागला.

आता ज्या लांबलचक, सरळ रस्त्यासाठी पन्नाशीच्या दशकातल्या त्या अमेरिकन गाड्या घडल्या होत्या तसा रस्ता आमच्या जिल्ह्यातून गेला आहे. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा भाग ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला; कारंजा, मंगरूळपीर, मालेगाव या तालुक्यांतून तो जातो. त्यावर डॉज धावताना आम्ही पाहिलेली नाही.

जुन्या गाड्यांची आठवण सरकारलाही झाली आहे. २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरील मोटारींसाठी वेगळ्या नोंदणीचा नियम केला. अशा गाडीला ‘व्हीए’ अक्षरांचा खास क्रमांक मिळतो. नोंदणीला वीस हजार रुपये. ती रोजच्या कामाला वापरता येत नाही, प्रदर्शनाला आणि मिरवणुकीला नेता येते. दुसरीकडे पंधरा वर्षांवरील साध्या मोटारीच्या फेरनोंदणीचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून सहाशेवरून पाच हजारांवर गेले. खास क्रमांकासाठी आणखी एक अट आहे : गाडी मूळ रूपात असली पाहिजे, चासी, बॉडी वा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला चालत नाही. मुंबई-पुण्याच्या श्रीमंत संग्राहकाची गाडी या कसोटीला उतरते, कारण ती बहुतेक आयुष्य गॅरेजात झाकलेली असते. आमच्या जिल्ह्यातली जी गाडी पन्नास वर्षे खरोखर चालली, तिचे इंजिन दोनदा बदललेले, पाटे वाढविलेले, मजला लोखंडी चादरीने ठिगळलेला. तिचा टिकाऊपणा त्या ठिगळांतच आहे, आणि त्याच कारणाने ती कायद्याच्या दृष्टीने जुनी ठरत नाही, भंगार ठरते.

आमच्या लहानपणची ती डॉज अशीच गेली. मडगार्डे आणि बॉनेट भंगारवाल्याने तोलून नेली. तिचा मागचा अ‍ॅक्सल मात्र एका शेतकऱ्याने ठेवून घेतला, त्याला टायरची चाके लावली आणि वर बाभळीच्या फळ्यांचा साटा बसविला. ती बंडी आम्ही पुढे कितीतरी हंगाम कापसाने भरून बाजार समितीकडे जाताना पाहिली आहे.